पुढून उघडणारं झबलं

बापू,

हे मी मराठीत लिहितेय याचं तुम्हाला हसू येईल. घरात आपण तेलुगू बोलायचो, भांडायचो ते तर फक्त तेलुगूतच, पण लिहायला मला ती कधी आली नाही. शाळा मराठी, माझ्या शिवणाच्या दुकानाची पाटी मराठी, हिशेबाचे आकडेही मराठी. तोंडानं मी तुम्हाला जन्मभर 'तू' म्हणाले आणि आता कागदावर आपोआप 'तुम्ही' उमटतंय. एवढा मान सोलापूरच्या पूर्व भागात तुम्हाला जिवंतपणी कुणी दिला नव्हता, तो आता घ्या. घरात आपण जे बोलायचो तेही मी साध्या मराठीतच लिहिणार आहे, कारण अम्माच्या शिव्या तेलुगूत जशा लागायच्या तशा मला काही लिहिता येणार नाहीत.

लेक बाळंतपणाला आली आहे. तीच तुमची नात. मुलगी झाली, म्हणजे तुम्हाला पणती. काल शेजारची एक बाई बाळ बघायला आली. ओटीवर बसली, चहा घेतला, मग पाळण्यात डोकावून म्हणाली, "लई शांत हाय की वो पोरगी. आवाजच न्हाय घरात." बिचारी कौतुकानं म्हणाली. मी हातातली कपबशी खाली ठेवली, पाळण्यापाशी गेले, दुपटं सोडलं, झबल्याची गाठ सोडली आणि बाळाचं पोट बघत उभी राहिले. बाळ नुसतं झोपलं होतं. पोट संथ वर-खाली होत होतं, ओठ गुलाबी होते आणि गालाला दूध लागलेलं होतं. शेजारीण माझ्याकडे अशी बघत होती, जणू काही मी तिच्यासमोर पाळण्यातून साप काढून दाखवणार आहे. लेक मात्र हसली. तिला सवय आहे. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही 'शांत' म्हणालात ना, आता आईचं हे दिवसभर चालणार." म्हटलं, आज तुम्हाला लिहावंच.

तुमचे कान यंत्रमागांनी घालवले. कारखान्यात एका छपराखाली सगळे माग एकदम चालायचे आणि मी डबा घेऊन दारात उभी राहिले की पायाखालची फरशी थरथरायची. आत कुणी कुणाशी बोलत नसे, बोलून उपयोगच नव्हता. सगळ्यांचं हातांनी आणि ओठांनी चालायचं. पाणी हवं, मालक आला, कांडीवरचं सूत संपलं, सगळ्याला खुणा होत्या. मला त्यातली एकच खूण पक्की पाठ झाली होती. धागा तुटला की तुम्ही माग थांबवायचा, वाकून तो शोधायचा, जोडायचा आणि मग पलीकडच्या माणसाला चिमटी दाखवून हात पुढे सारायचा. म्हणजे जुळलं, चालू दे. घरी अम्मा मीठ मागायची आणि ते तुम्हाला डब्यात सापडलं की तुम्ही तीच खूण करायचा. अम्मा चिडायची, म्हणायची, हे काय घर आहे की कारखाना.

अम्मानं तुमच्या बहिरेपणाचा पुरेपूर फायदा घेतला हे मी आता सांगायला हरकत नाही. तुमची पाठ असली की ती मनसोक्त शिव्या द्यायची आणि तुम्ही वळलात की एकदम गप्प. तिला वाटायचं तुम्हाला कळत नाही. तुम्ही वळून आधी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघायचा. माझ्या चेहऱ्यावरचं हसू बघून तुम्हाला सगळं कळायचं, मग तुम्ही तिला विचारायचा, "झालं का बोलून?"

एकदाच मला तुम्ही रागावला होतात. मी शाळेतून पळत आले होते, कवायतीत पहिली आल्याचं सांगायला. तुम्ही दारात पाठमोरे बसून दाढी करत होता. मी मागून ओरडले, पुन्हा ओरडले, पाय आपटले. तुम्ही ढिम्म. मग मी रडायलाच लागले, तेव्हा आरशात मी तुम्हाला दिसले. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून तुम्ही वळलात आणि म्हणालात, "मागून बोलायचं नाही. समोर यायचं, तोंड दाखवायचं, मग सांगायचं. ओरडून काही होत नाही." मला तेव्हा फार लागलं होतं. कवायतीतल्या नंबराची सगळी मजा गेली. पण समोर जायची सवय लागली ती लागलीच. आजही मी कुणाशी पाठमोरी बोलत नाही, गिऱ्हाइकाशीसुद्धा.

मग माझं पहिलं बाळंतपण. थंडीचे दिवस आहेत आणि मी मागच्या खोलीत खाटेवर आहे. खिडकीला अम्मानं पोतं ठोकलंय, वारा लागू नये म्हणून. खाटेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि शेपा टाकलाय, खोली धुरानं भरलेली. दाराशी अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली आहे, तंबाखूची बारीक धूळ हवेत तरंगतेय, मला मधूनच शिंका येतात. सगळ्या गल्लीत घरोघरी असंच होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. सकाळी न्हाऊ घालणारी बाई यायची, बाळाला न्हाऊ घालायची, धुरी द्यायची, पाठीवर बंद बांधायचं झबलं घालायची, डोक्याला कुंची बांधायची आणि मग आधी दुपट्यात, त्यावर आपल्या सोलापुरी चादरीत असं घट्ट गुंडाळायची की बाळाचं फक्त नाक आणि मिटलेले डोळे दिसत. गुंडाळलं की बाळ झोपतं. ते खरंही होतं.

तुम्ही रात्रपाळी करून यायचा. डोक्यात कापसाची पिंज, डोळे लाल. हातपाय धुऊन उंबऱ्याशी बसायचा, कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं सारखं यायचं नाही असा अम्माचा दंडक. मग न्हाऊन आलेलं गाठोडं तुमच्या मांडीवर ठेवलं जायचं आणि तुम्ही पहिलं काम काय करायचा, तर ते सोडायचा. चादर बाजूला, दुपटं बाजूला. अम्मा कावायची, "आत्ता बांधलंय, सोडू नको, थंडी लागेल." न्हाऊ घालणारी तर तुमच्या नावानं बोटं मोडायची. तुम्ही म्हणायचा, "गाठोड्याशी मी काय बोलू? मला तिला बघू दे." बाकीच्यांना पाळण्यातून आवाज यायचा, हुंकार यायचा, रडणं यायचं. तुमच्यासाठी बाळ म्हणजे जेवढं डोळ्यांना दिसेल तेवढंच होतं.

आधी तिला साधी सर्दी झाली. नाक वाहिलं, शिंका आल्या. मग तिचं रडणं कमी होत गेलं आणि गल्लीतल्या बायका एकेक करून येऊन माझं अभिनंदनच करून गेल्या म्हणा ना. "गुणाची हाय की वो. आईला तरास न्हाय, काय न्हाय." "शहाणी हाय, बापावर गेली वाटतं." दूध पाजायला घेतलं की दोन घोट ओढायची, दमल्यासारखी सोडून द्यायची आणि डोळे मिटायची. न्हाऊ घालणारी म्हणाली, पोट केवढंसं, भरलं असेल. माझं पहिलंच बाळ. मला खरंच वाटत होतं की माझी मुलगी साऱ्या गल्लीत शहाणी आहे.

त्या सकाळी तुम्ही आलात, बसलात, गाठोडं सोडलंत. रोज तुम्ही तिच्या पोटावर बोट टेकवून काहीतरी बडबडायचा. त्या दिवशी बोट तसंच हवेत राहिलं. तुम्ही तिचं झबलं वर सरकवलंत आणि नुसते बघत राहिलात. मग मान वर न करता मला म्हणालात, "चूडू." बघ. तुमचा हा शब्द मला लहानपणापासून ओळखीचा, कापडात चूक दिसली की तुम्ही असंच म्हणायचा. मी खाटेवरून वाकून बघितलं. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. कातडी आत ओढली जायची, सुटायची, पुन्हा ओढली जायची, भराभरा. नाकपुड्या फुलत होत्या. आणि एवढं सगळं चाललेलं असताना तिचा आवाज म्हणून नव्हता.

अम्मा विडीचा दोरा गुंडाळत म्हणाली, "लहान पोरांचं पोट असंच उडतं. गुंडाळ तिला. काही होत असतं तर रडली नसती का?" तिचं तोंड सुपाकडे होतं, तुम्हाला काही कळलं नाही. मी तुमच्या समोर येऊन ते पुन्हा सांगितलं. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी आजवर कितीतरी लोकांना सांगितलंय. तुम्ही म्हणालात, "रडणं मला कधी ऐकूच येत नाही. मला जेवढं दिसतं तेवढंच माहीत. आणि हे कालच्यासारखं नाही."

सव्वा महिना व्हायचा होता. त्याआधी बाळंतिणीनं आणि बाळानं घराबाहेर पडायचं नसतं, दृष्ट लागते, वारं लागतं, अजून काय काय लागतं. अम्मा दारात आडवी उभी राहिली. तुम्ही बाळाला छातीशी धरलंत, चादर नुसती वरून पांघरलीत, तोंड आणि छाती मोकळी ठेवून, आणि अम्माला म्हणालात, "सव्वा महिना हिला बघायला मिळाला तर पाळू." आवाज चढवला नाही. तिच्या बाजूनं वाट काढून तुम्ही निघालात आणि मी डोक्याला फडकं बांधलेली, स्लिपरा घालून तुमच्या मागं. गल्लीतल्या बायका विड्या वळायच्या थांबल्या. अम्मा घराला कडी लावून पळत आली, लुगड्यावर तंबाखूचा चुरा तसाच, आणि मागून तुम्हाला तोंडाला येईल ते बोलत होती. तुम्ही ऐकलं नाहीत ते फार बरं झालं. कोपऱ्यावर आपले रिक्षावाले चाचा उभे होते. अम्मानं त्यांच्याकडेही फिर्याद सुरू केली. त्यांनी बाळाकडे एकदा बघितलं आणि रिक्षा सुरू करत म्हणाले, "पैले बच्ची कू देखो, बातां बाद में. बैठो." अम्मा बोलता बोलता बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बाळाला तपासलं, लगेच आत नेलं, नळी लावली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. तोंडाला मास्क होता. त्या तुमच्याशीच बोलत होत्या आणि तुम्ही त्यांच्या डोळ्यांकडे बघत हतबल उभे होतात. तुमचा चेहरा इतका भेदरलेला मी आधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. मी म्हणाले, "यांना ऐकू येत नाही, ओठ बघून कळतं." बाईंनी मास्क खाली केला आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. न्यूमोनिया आहे. छातीत संसर्ग झालाय. श्वास घेण्यातच तिची सगळी ताकद चाललीय, रडायला उरतच नाही. "बाळ शांत नाहीये," त्या म्हणाल्या, "बाळ दमलंय. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. आताही मी लगेच काही सांगू शकत नाही." मग त्यांनी घरात चूल, शेगडी, कुणी विडी-सिगारेट ओढतं का, सगळं विचारलं. अम्मानं लुगड्यावरचा चुरा झटकला, पण बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, धूर आणि ही धूळ एवढ्याशा छातीला सोसत नाही.

पुढचे दिवस आपण त्या काचेबाहेर काढले. आत बाळ पेटीत, नाकात नळी. अम्मा, मी, बातमी कळून आलेली माझी सासू, सगळ्या आतल्या यंत्राच्या आवाजावर कान लावून बसायचो. जरा वेगळा वाजला की उठून उभ्या राहायचो. तुम्हाला यंत्राशी देणंघेणं नव्हतं. तुम्ही काचेला नाक लावून तिचं पोट बघायचा. नर्स आधी हटकायच्या, मग त्यांनीच तुमच्यासाठी स्टूल आणून ठेवलं. मी तुम्हाला रात्रपाळीचं काय, असं विचारलं तर म्हणालात, माग काय, चालतच राहतात. त्या दिवसांत मला किती भीती वाटत होती हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. ती जाईल असं मला वाटत होतं. झोप लागली तर ती तेवढ्यात जाईल, म्हणून मी झोपत नव्हते. आणि तुम्ही जागे आहात एवढ्याच भरवशावर शेवटी एकदा झोपले, बाकावर, अम्माच्या मांडीवर डोकं ठेवून.

अम्मानं मला हलवून उठवलं तेव्हा सकाळ झाली होती. तुम्ही व्हरांड्याच्या त्या टोकाला, काचेपाशी उभे होता. माझ्याकडे बघून तुम्ही चिमटी जुळवलीत आणि हात पुढे सारलात. जुळलं, चालू दे. मी धावत आले आणि काचेतून बघितलं. बरगड्यांखालचा खड्डा गेला होता. डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं, पण मला आधी कळलेलं होतं.

घरी आल्यावर ती काय रडली, बापू. सारी गल्ली दणाणून सोडायची. तुम्ही तिला खांद्यावर घ्यायचा, तळहात तिच्या पाठीवर ठेवायचा आणि तिथून येणारी थरथर अंगात मुरवत बसायचा. एकदा मला विचारलंत, "कशी रडते ही?" मी म्हणाले, मोठ्यानं. तुम्ही म्हणालात, "ते दिसतंय मला. पण कशी?" रडणं कसं असतं हे कसं सांगायचं असतं? मी म्हणाले, लहान मुलं रडतात तशी. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा हात तिच्या पाठीवर ठेवलात.

अम्मानं कुणी न सांगता विड्यांचं सूप गच्चीवर नेलं, खिडकीचं पोतं स्वतः काढलं आणि आठवड्याभरात सगळ्या गल्लीला सांगून टाकलं की पोरीला काहीतरी होतंय हे पहिल्यांदा तिनंच ओळखलं होतं. ती अजून आहे बरं का, माझ्याजवळच असते. तोंड पहिल्यापेक्षा तेज झालंय, आणि गोष्ट अजून तशीच सांगते, फक्त आता त्या गोष्टीत तुम्ही रिक्षा बोलवायला गेलेले असता. मी ती दुरुस्त करत नाही. तुम्हीही केली नव्हती.

आणि मग तुम्ही ते कापड आणलंत. हातमागवाल्या मित्राकडून घेतलेलं, पांढरं, धुऊन धुऊन मऊ केलेलं. मला वाटलं माझ्यासाठी आणलंय. तुम्ही म्हणालात, "तिला झबलं शिव. पण पाठीवर बंद नको. पुढून पूर्ण उघडायला पाहिजे, कडेला एकच गाठ. कुणीही एका हातानं सोडून बघावं असं." मी शिवायला नवी होते, पहिल्याचा गळा वाकडा झाला, एक बाही लांब झाली. तुम्ही ते तिला घातलंत, गाठ बांधलीत, सोडलीत, पुन्हा बांधलीत, पुन्हा सोडलीत, आणि लेकीच्या उघड्या पोटावर फुंकर मारून तिला हसवलंत. त्यानंतर मी जेवढी झबली शिवली ती सगळी त्या एकाच नमुन्याची वाढती-घटती रूपं आहेत. दुकान झालं तेव्हा तुम्ही नव्हता.

मी बाळंतविडा शिवते. झबली, दुपटी, कुंची, लंगोट, सगळा संच. जवळचे तर येतातच, पण टेंभुर्णीहून आणि मोडनिंबहूनही माणसं येतात. आणि प्रत्येकाला मी गाठ कशी सोडायची ते दाखवताना सांगते की सर्दी झाली, दूध ओढायचं कमी झालं, बाळ फारच गप्प झालं, तर कपडा उघडा आणि पोट बघा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, श्वास भराभरा चालला असेल, कण्हत असेल, ओठ काळेनिळे दिसत असतील, तर घरगुती औषध नको, धुरी नको, सव्वा महिन्याचा हिशेब नको, सरळ दवाखाना गाठा. हे ऐकून काही माणसं चिडतात, बापू. एक सासूबाई तर हातातलं दुपटं तिथंच टाकून उठल्या. "आमी कापडं घ्यायला आलोय बाई, तुमी आजारपनाचं काय बोलाय लागलाय? लेकराच्या वक्ताला शुभ बोला की." तीच लेक आता मला म्हणते, आई, आधी पिशवी भर, मग बोल. पण मला आधीच बोलायचं असतं. पिशवी भरल्यावर माणूस समोर उभा राहत नाही, त्याची पाठ दिसते.

असंच कुणाकडून तरी कळून आमच्या भागातल्या दवाखान्याच्या नर्सबाईंनी मला लसीकरणाच्या दिवशी बोलावलं. भिंतीवर या खुणांचा चांगला मोठा तक्ता आहे, चित्रांसकट, त्याखाली बसून सगळे मोबाईल बघत असतात. मीही पहिल्या वेळी उभी राहून भाषणच केलं. ऐकलं कुणी नाही, कारण अर्धी बाळं टोचून घेऊन रडत होती. पुढच्या वेळी मला तुमची आठवण झाली आणि मी म्हणाले, "सगळ्यांनी कानात बोटं घाला. दोन्ही. हां, आणि आता बाळाला उघडा आणि बघा. कानानं बाळ कळत नाही, डोळ्यानं कळतं." लोक हसले. एक तरुण बाप बायकोला म्हणाला, "बाई येडी हाय काय?" पण त्यानंही बोटं घातली. बाळ आजीच्या नाहीतर बापाच्या मांडीवर, आईनं गाठी सोडायच्या, आणि सगळी खोली कानात बोटं घालून आपापल्या लेकराच्या पोटाकडे बघतेय. तुम्ही असतात तर लोळून हसला असता.

मागच्या हिवाळ्यात मंद्रूपची एक आजी होती. मुलीचं बाळ घेऊन आलेली, कुंची, स्वेटर, वर चादर, आतलं बाळ शोधावं लागेल असं. मुलगी म्हणत होती, थोडी सर्दी आहे, बाकी शांत आहे. आजीला माझा खेळ पसंत नव्हता. "येवढ्या थंडीत लेकरू उगडं करायचं व्हय? तुमी म्हनताय म्हून बघते," असं म्हणत तिनं एकेक कपडा काढला, कानात बोटं घातली आणि बघायला लागली. बाकीच्यांनी बोटं काढली, सगळे हसले, कपडे घालायला लागले. तिची बोटं तशीच. मग तिनं मान वर केली आणि कानातली बोटं न काढताच मला म्हणाली, "अवो बाई, हितं ह्येचं पोट आत चाललंय की." नर्सबाईंनी बघितलं आणि एक क्षण न दवडता त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी घरी येऊन जेवले नाही, दुकानही उघडलं नाही. अम्मानं विचारलं तर तिच्यावर खेकसले.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. मग एका बाजाराच्या दिवशी तीच आजी दुकानात उभी. मी तिच्या तोंडाकडे बघतेय आणि ती झबली चाचपतेय. शेवटी म्हणाली, "बरं हाय आता. लई रडतंय वो, कुनाला झोपू देत न्हाय." तक्रारीचा सूर काढला होता, पण तोंडावर असं हसू की मला समोरचं नीट दिसेना. तिनं पुढून उघडणारी दोन झबली घेतली आणि जाताना म्हणाली, "शेजारणीची सून बी भरत आलीया. तिला म्या आदीच सांगिटलंय, कानात बोटं घाल म्हून." बापू, मंद्रूपच्या कुठल्याशा घरात आता तुमची पद्धत चाललीय आणि तुम्ही कोण हे तिथं कुणाला ठाऊक नाही. मला त्याचा किती आनंद झाला हे मी तुम्हाला समोर येऊन, तोंड दाखवून सांगितलं असतं.

आता लेक आंघोळीला गेली आहे आणि बाळ उठलंय. भूक लागलीय, रडतेय, तुमची पणती. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात असेल. अम्मा गच्चीवरून ओरडतेय की कुणी घ्या तिला, काय लिहीत बसलीय ही. जायला पाहिजे. हा कागद टाकायला कुठलं पोस्ट नाही, मशीनच्या खणात त्या पांढऱ्या कापडाचा उरलेला तुकडा आहे, त्यात ठेवून देईन.

पण एक सांगायचं राहिलं, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. ती रडायला लागली आणि घरात कुणी जवळ नसलं, की उचलून घेण्याआधी थोडा वेळ मी तिच्या समोर उभी राहते आणि कानात बोटं घालते. आवाज जातो. मग नुसतं उघडलेलं तोंड दिसतं, वळलेल्या मुठी, लाल झालेलं कपाळ, भराभरा वर-खाली होणारं पोट, आणि मी ते तुमच्यासारखं बघत राहते. कशी रडते ते मला अजून सांगता येत नाही, पण तुम्हाला काय दिसत होतं ते आता मला माहीत आहे.

आलेच, म्हणावं तिला.